पाव इंची बिट

आमचे हे चिडले की भांडत नाहीत. मागच्या पडवीत जाऊन पटाशीला धार लावत बसतात. दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला की मी स्वयंपाकघरातूनच ओळखते, आज कुणाचं काय खुपलंय. ऑफिसातल्या साहेबाचं असेल तर चार हात मारून आत येतात. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं असेल तर भाजी गार झाली तरी उठत नाहीत.

हे म्हणजे मिलिंद. पाटबंधारे खात्यात कारकून, मूळचे मेढ्याच्या वरच्या अंगाच्या डोंगरातले. लहानपणी गुरांमागं हिंडताना हातात कोयता आणि समोर लागेल तितकं लाकूड, तेव्हापासूनची ही खोड. नोकरीसाठी सांगलीला आले, विश्रामबागेत आम्ही घर केलं, पण खोड गेली नाही, उलट वाढली. कुणाच्या घरी गेले की माणसांशी बोलायच्या आधी टेबलाखाली वाकून सांधे बघतात. नवं लाकूड दिसलं की बोट थुंकीनं ओलं करून त्याच्यावर फिरवतात, आतल्या रेषा उठून दिसतात म्हणे. लोकांच्या दिवाणाला थुंकी लावू नका, असं मी किती वेळा सांगितलं असेल. ऐकतील तर शपथ.

ऑफिसात कुणाची बदली झाली की निरोपाची पाटी यांच्याच हातची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांवर यांचीच कमळं आणि पिंपळपानं. सगळं हातानं, पटाशीनं. त्यातली एक गोल तोंडाची पटाशी यांच्या फार जिवाची होती. तिला मीसुद्धा हात लावायचा नाही. तिची मूठ माझ्या आईच्या सागाची आहे, आणि सगळं रामायण त्या सागावरूनच झालं.

माझं माहेर मिरजेच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी माझ्या आईनं, साळूबाईनं, अंगणात सागाचं रोप लावलं. पुढच्या वर्षी मी झाले. म्हणजे साग आणि मी बरोबरीचे. तरी त्याच्या फांदीला झोका बांधला तो माझ्या धाकट्या बहिणीसाठी, प्रियदर्शनीसाठी. ती बसायची आणि मी झोका द्यायचे. तुझ्या वेळी फांदी बारीक होती, असं आई म्हणायची. खरंही असेल. पण मला ते तेव्हा पटलं नाही आणि आता चाळिशी आली तरी पटत नाही.

आई गेली, आणि पुढं थोड्याच दिवसांत वळवाच्या वाऱ्यात तो साग आडवा झाला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोड चिरून घेतलं तर आतून निम्मं पोकळ निघालं. धड अशी एकच फळी मिळाली, चांगली रुंद. बाकीचं चुलीत गेलं. त्या जळणातून यांनी हाताएवढा तुकडा उचलून आणला आणि त्याची पटाशीला मूठ केली.

गावात तेव्हा नव्या विहाराचं बांधकाम चाललं होतं. आप्पा यांना म्हणाले, "मिलिंदा, ही फळी दाराच्या वर लावायची. मदी चक्र, दोनी बाजूला कमळं. तू कोर. साळूचं झाड हाय, जपून."

फळी एस.टी.च्या टपावर टाकून आम्ही सांगलीला आणली. त्या दिवशी मला तो झोका परत मिळाल्यासारखं वाटलं. प्रियदर्शनी स्टँडवर सोडायला आली होती. ती म्हणाली, "अक्का, फळी तुमच्याकडं गेली. आमच्याकडं काय?"

"तुमच्याकडं फोन हाय की," मी म्हणाले.

तो फोन मला फार सलायचा. तिचा नवरा प्रबुद्ध कराडला टेलिफोन खात्यात लाइनमन. आम्ही फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघतोय आणि यांच्या शोकेसमध्ये, विणलेल्या रुमालावर, फोन. बरं, माणूस वाईट असता तर निदान मनापासून नावं तरी ठेवता आली असती. पण प्रबुद्ध हसतमुख, कामाला वाघ, सासऱ्यांचे पाय चेपणारा. असल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे आपल्यालाच चोरटं वाटतं. आम्ही दोघं तरीही करायचो. त्या बाबतीत आमच्या संसारात कधी मतभेद झाला नाही.

त्यात शहाण्णव साली त्याच्या भावानं मस्कतहून त्याला लाकूड कोरायचं मशीन पाठवलं. राऊटर म्हणतात. दोन्ही हातांनी धरायचं, खाली बिट, म्हणजे कापणारं पातं, गरगर फिरतं आणि जिथं न्याल तिथं लाकूड खात जातं. वैशाख पौर्णिमेला सगळे गावी जमलो होतो. प्रबुद्धनं पिशवीतून एक पिंपळपान काढलं. शिसवीचं, हातभर लांब, आणि शिरांच्या मधली सगळी जागा आरपार कोरून जाळी केलेली. आप्पांनी ते उजेडात धरलं. जमिनीवर पानाची सावली पडली, शिरांसकट.

"लय सफाई हाय रं," आप्पा म्हणाले. मग यांच्याकडं वळून, "मिलिंदा, तुजं चक्र कुटवर आलं?"

चक्र अजून पेन्सिलीतच होतं.

"दसऱ्याला विहार उगडायचा हाय. हातानं जमंना तर तसं सांग. फळी प्रबुद्धाकडं देऊ. त्येच्याकडं यंत्र हाय."

प्रियदर्शनी खाली मान घालून पोळ्या वाढत होती, पण तिच्या गालावरचं हसू मला दिसलं. त्या रात्री माहेरी धार लावायचा दगड नव्हता म्हणून बरं, नाहीतर यांनी पटाशीची सुई केली असती.

सांगलीला आल्यावर हे एकच वाक्य बोलले. "फळी कराडला जायाची न्हाई." पुढच्या महिन्यात पुण्याहून कुणाचं तरी वापरलेलं मशीन घेऊन आले. निळं, जड, परदेशी. मी कधी कपाळाला आठी न घालता एवढी मोठी वस्तू घरात घेतली असेल तर ती हीच. अडचण एवढीच होती की मशीनबरोबर एकच बिट आलं होतं आणि तेही बोथट. चक्राला आणि कमळाला तऱ्हेतऱ्हेची बिटं लागणार. कुठली, केवढी, कुठल्या मापाची, हे सांगणारा आमच्या माहितीत एकच माणूस होता आणि त्याला हे मेले तरी विचारणार नव्हते.

"तू जा," मला म्हणाले. "बहिनीला भेटाय म्हणून जा. बिटं बगून ये."

मग मी चिवड्याचा डबा घेऊन कराडला गेले. जासूद म्हणून. शोकेसवर ते शिसवी पान टांगलेलं आणि खाली फोनशेजारी बिटांची डबी. जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं. प्रबुद्ध तर तयारच होता. हात धुऊन त्यानं डबी उघडली.

"अक्का, ह्ये टोकदार हाय, रेघ माराय. ह्ये गोल तोंडाचं, पाकळीचा खोलगा काडाय. ह्ये सरळ, मदली जागा सपाट कराय. पर टोक कसलं बी असूं द्या, मागची दांडी मशीनच्या तोंडात घट्ट बसाय पायजे. माज्या मशीनचं तोंड पाव इंची हाय. परदेशी मशीनं बहुतेक तसलीच. आता त्यात बी एक गंमत हाय बगा—"

"आवं, अक्काला गाडी गाटायची हाय," म्हणून प्रियदर्शनीनं डबी पटकन मिटली.

मला राग आला. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. हिलाही आपल्यापासून काहीतरी राखून ठेवावंसं वाटतं, म्हणजे आपण अगदीच काही टाकाऊ नाही.

पाव इंची, एवढं माप तोंडात घोळवत मी घरी आले. यांचंही मशीन पाव इंचीच निघालं, तसं त्याच्या पत्र्यावर लिहिलेलंच होतं. हे गणपती पेठेत हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि पाव इंची दांडीची बिटं मागितली. दुकानदारानं काउंटरवर मांडली. यांनी विचारलं, "यावर सहा मिली लिवलंय?"

"येकच की सायेब. दोन सूत म्हना, पाव इंच म्हना, सहा मिली म्हना. आमी सळई, बोल्ट समदं असंच देतो."

त्यात त्या माणसाची लबाडी नव्हती. आमच्याकडच्या बाजारात हे असंच चालतं. खिडकीच्या गजाला, पाइपाच्या पट्टीला एवढ्या तेवढ्यानं काही होत नाही, तर कुणी कशाला केस मोजत बसेल? हे बिटं घेऊन आले. दांडी मशीनच्या तोंडात अशी अलगद गेली की हे खूश झाले. पान्यानं नट जोर लावून आवळला. ओढून बघितलं, हलत नव्हती.

आंब्याच्या फळकुटावर कमळ काढून बघितलं. पाकळी कशी सुरेख उमटली! मशीनचा आवाज मात्र असा की शेजारची कुत्री पळून गेली. पण मला तो आवाज गोड लागायचा. मी दार मुद्दाम उघडं ठेवायचे. शेजारणीनं विचारलं तर, "आमच्या यांनी मशीन घेतलंय," असं म्हणताना आवाज आपोआप चढायचा. कराडपर्यंत ऐकू जावा असं वाटायचं.

मग आईच्या फळीवर काम सुरू झालं. एका बाजूची कमळं झाली, दुसऱ्या बाजूची झाली. मधल्या चक्राचे आरे आखून झाले, आणि एका रविवारी दुपारी हे आऱ्यांमधली जागा खोल करायला बसले. तिथं साग जुना, कठीण, गाभ्याजवळचा. मी कोथिंबीर निवडत होते. मशीनचा आवाज एकदम जाड झाला, घसा बसल्यासारखा. मग बंद झाला.

मी गेले तेव्हा हे फळीच्या खालून वर बोट काढून बघत होते. बोट आरपार आलं होतं. बिट तोंडातून हळूहळू खाली सरकत गेलं होतं. हे वरून बघतायत तोवर ते आत आत उतरत जाऊन पलीकडं निघालं. आऱ्याच्या शेजारी भोक पडलं होतं.

"आवं, हे काय झालं?"

यांनी पटाशीही घेतली नाही धार लावायला. नुसते बसून राहिले.

आईची फळी होती ती. दुसरी मिळणार नव्हती. आईचं मनात यायला हवं होतं आधी, पण नाही आलं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता प्रियदर्शनी काय म्हणेल. आप्पा म्हणतील, प्रबुद्धाकडं दिली असती तर. झोका पुन्हा तिकडंच गेला, असं वाटून मला रडू फुटलं. मग मी डोळे पुसले, जुनी चादर आणली आणि फळी झाकून टाकली.

पुढचे कितीतरी दिवस ती चादर तशीच होती. यांनी मशीन कोपऱ्यात सारलं. आप्पांचा निरोप आला की मी कळवायचे, काम जोरात चाललंय.

आणि एका शनिवारी दारात प्रबुद्ध उभा. खात्याच्या कामाला सांगलीत आला होता. "म्हटलं भाऊंचं काम बगून जावं," म्हणाला. यांना तो भाऊ म्हणतो. त्याच्या डोळ्यांत मला उत्सुकता दिसली नाही, वेगळंच काहीतरी दिसलं. मी ते आरशात रोज बघते, मला ओळखू येतं. आमच्याकडं मशीन आल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं आणि त्यालाही झोप लागत नव्हती.

"पॉलिश वाळतंय," मी म्हणाले. "चादर काढायची न्हाई आता."

"बरं," म्हणून तो खाली बसला. मशीनजवळ ते बिट पडलं होतं. त्यानं उचललं, दांडी उजेडात धरली. दांडीवर चकचकीत ओरखडे उठले होते, गोल गोल.

"भाऊ, ह्ये सहा मिलीचं हाय."

"मग? पाव इंच म्हंजे सहाच की," हे म्हणाले.

"न्हाई भाऊ. पाव इंच म्हंजे सहा आन् वर थोडं. केसागत फरक. बोल्टाला चालतंय. पर ह्येच्या तोंडात दांडी नुसती चिमटल्यागत ऱ्हाते. मऊ लाकडाला कळत न्हाई, कठीण लाकूड आलं की सरकाय लागती." मग त्यानं यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भोक पडलं का?"

त्यानं स्वतःच चादर बाजूला केली. भोकात बोट घातलं. मला वाटलं, आता हसेल. हसलाही, पण आमच्याकडं बघून नाही.

"माज्या पानाला जाळी कशी आली, ठावं हाय का? कराडात मला बी हीच बिटं दिली व्हती. पयल्याच शिरंजवळ भोक पडलं. टाकून द्याय जीव हुईना. मग म्हटलं, समदीच भोकं पाडू." पुढं म्हणाला, "पाव इंचीची डबी मागनं मस्कतच्या भावानं धाडली. अक्का आल्या तवा सांगनार व्हतो मी. हिनं डबी मिटली. म्हनली, दाजींम्होरं आपली फजिती कशाला?"

म्हणजे ज्या पानासाठी आम्ही दोघं पौर्णिमेपासून जळत होतो, ते पान म्हणजे याचं झाकलेलं भोक होतं. मला संताप आला. एवढे दिवस फुकट जळलो! त्याचा हेवा करण्यासारखं काही नव्हतंच, तर हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?

हे मात्र वेगळ्याच विचारात होते. बोट थुंकीनं ओलं करून त्यांनी चक्राच्या आऱ्यांवरून फिरवलं. "आऱ्यांमदली जागा समदी आरपार काडली तर?" म्हणाले.

"त्येच म्हनतोय मी," प्रबुद्ध म्हणाला.

पुढच्या रविवारी तो डबी घेऊन आला, आणि त्याच्या पुढच्याही. त्याची बिटं आमच्या मशीनमध्ये घट्ट बसली. दांडी आत कशी घालायची, तळाला टेकली की केसभर वर कशी घ्यायची, मग नट कसा आवळायचा, ते त्यानं दाखवलं. आरपार काढायचं काम मशीनचं, आणि आरे आतून गोलवायचं काम यांच्या त्या गोल पटाशीचं. प्रबुद्ध ती पटाशी चालताना बघत राहायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, ह्ये मशीनला न्हाई जमत." त्याच्या आवाजात हेवा होता, चांगला रसरशीत. मी त्या दिवशी त्याला दोनदा चहा दिला.

दसऱ्याला विहार उघडला. दार पूर्वेला आहे, फळीच्या मागं भिंत नाही. सकाळी बुद्धवंदनेला सगळे बसले आणि ऊन दारावरच्या चक्रातून आत आलं. पांढऱ्या फरशीवर चोवीस आऱ्यांचं चक्र पडलं आणि हळूहळू सरकायला लागलं. आप्पांच्या पायाशी आलं तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले. डोळे पुसले. मी आईसाठी रडले ती त्या वेळी, फार उशिरा.

वंदना झाल्यावर गावातले नाथाजी म्हणाले, "जाळीची युक्ती कुनाची वो? लय भारी."

हे उभे राहिले. वर चक्राकडं बघितलं. मी मनात म्हणत होते, बोला, माझीच म्हणा. प्रबुद्ध शेजारीच होता. भोकाची सगळी गोष्ट त्याला ठाऊक. एका वाक्यात तो आम्हाला गावासमोर उघडं पाडू शकला असता. निदान, युक्ती माझी, असं तर म्हणू शकला असताच, आणि ते खोटं ठरलं नसतं.

तो म्हणाला, "भाऊंचा हात हाय त्यो. मी नुसती बिटं दिली."

त्याच्या फोनचा मी हेवा केला होता, मशीनचा केला होता, पानाचा केला होता. ते सगळं सोसलं. पण त्या क्षणी मला जे खुपलं ते आजवर खुपतंच आहे. माणूस म्हणूनही हाच वरचढ निघावा? आता याच्याशी बरोबरी करायची तरी कशानं? मी प्रियदर्शनीकडं बघितलं. तिची मान आखडली होती. नवऱ्यानं हातचं श्रेय देऊन टाकलं म्हणून ती फणफणत होती, आणि फळीकडं बघत होती. फळी आता विहाराची झाली होती. आमचीही नाही, पण तिची तर कधीच नव्हती.

निघताना यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं प्रबुद्धला काही भेट असेल. पण हे प्रियदर्शनीपाशी गेले.

"प्रिया, ह्ये तुज्याकडं असूं दे. पटाशी ऱ्हाऊ दे, मूठ बग. तुज्या आईच्या झाडाची हाय. झोका व्हता ना, त्याच फांदीची."

ती फांदी झोक्याची होती हे यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. प्रियदर्शनीनं मूठ हातात घेतली, नाकाशी नेली, आणि एवढी मोठी बाई गावासमोर लहान पोरीसारखी हमसून रडली. मी हात पुढं केला. तिला धरायला की मूठ घ्यायला, ते मलाही सांगता येणार नाही.

यांनी नवी गोल पटाशी घेतली, तिची मूठ बाभळीची आहे. फोनही आला आमच्याकडं पुढं. कराडला गेले की मी आधी शोकेसकडं बघते. पान अजून तिथंच आहे, पण पटाशी तिथं नसते. ती तिनं आत कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवलीय. मागितली तर दाखवते, लांबून. हातात कुणाच्याही देत नाही, माझ्याही नाही. तिच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.